बाराव्या हातीं आलेलें पुस्तक

ऐतिहासिक कादंबरी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? गड, बुरूज, दौडणारे घोडे, खलिते आणि मसलती. हरिभाऊ आपटे व नाथमाधव यांनीं आपल्याला ही संवय लाविली, आणि ती वाईट आहे असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें, आणि या संवयीचा थोडा विचार करणें आम्हांस भाग पडलें. त्यांचा दहा वर्षांचा नातू अमेरिकेंतून सुटीसाठीं आजीकडे आला होता. शाळेनें सुटींत वाचावयास म्हणून दिलेली एक कादंबरी त्यानें बरोबर आणिली होती. क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांचें 'दि वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३' हें तें पुस्तक. आजीबाईंनीं तें नातवाच्या आधीं वाचून काढिलें आणि आम्हांस दोन प्रश्न घातले. पहिला असा कीं, १९६३ सालीं त्या स्वतः परकर नेसून शाळेंत जात होत्या. तेव्हां त्या सालची गोष्ट ऐतिहासिक कशी? दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. या पुस्तकाच्या शेवटीं प्रार्थनामंदिरांत बाँब फुटतो आणि लहान मुली मरतात. असें पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यावें काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. आजीला जी आठवण, ती नातवाला बखर. ज्याचा जन्म या शतकांतला, त्याला १९६३ आणि पानिपत हीं दोन्ही सारखींच दूर. आजी जवळ बसलेली असल्यामुळें त्यांतल्या एकाविषयीं प्रश्न विचारण्याची सोय आहे, एवढाच काय तो भेद. आणि ही सोय किती मोलाची आहे याचा विचार पुढें येईलच.

ज्या काळाविषयीं हीं पुस्तकें आहेत त्याची रूपरेषा थोडक्यांत सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या लोकांच्या शाळा, बसमधल्या जागा, पाणी पिण्याचे नळ, उपाहारगृहें, किंबहुना दफनभूमीही कायद्यानें व रूढीनें निराळ्या ठेविलेल्या होत्या. १७ मे १९५४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील ही फाटाफूट घटनाबाह्य ठरविली. त्यापुढील दहाबारा वर्षें जो लढा झाला तो नागरी हक्कांचा लढा म्हणून ओळखला जातो. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा व १९६५ चा मतदानहक्काचा कायदा हीं त्याचीं प्रमुख फळें. हें सर्व कोणत्याही ज्ञानकोशांत मिळेल. ज्ञानकोशांत मिळणार नाहीं तें हें कीं, या लढ्याच्या आघाडीवर मुलें होतीं. १९५७ सालीं लिटल रॉक येथील शाळेंत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले तेव्हां त्यांच्या रक्षणासाठीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावें लागलें. मे १९६३ मध्यें बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले. त्यांच्यावर आगीच्या बंबांतील पाण्याचे झोत सोडले, कुत्रे सोडले, आणि शेंकडों मुलें तुरुंगांत टाकिलीं. त्यांत ऑड्री फे हेंड्रिक्स नांवाची अवघ्या नऊ वर्षांची मुलगी होती. ती एक आठवडा तुरुंगांत राहिली. तेव्हां या काळाची कथा मुलांच्या तोंडून सांगणें ही लेखकांची युक्ति नव्हे. ती मुलांचीच कथा आहे.

पण या कथा लगेच लिहिल्या गेल्या नाहींत. १९६५ सालीं नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनीं एक मोजणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनीं मुलांसाठीं काढिलेल्या ५,२०६ पुस्तकांपैकीं ज्यांत एखादें तरी काळें माणूस आढळतें अशीं पुस्तकें केवळ ३४९ निघालीं. म्हणजे शेंकडा ६.७. या मोजणीचें मूळ एका पांच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नांत होतें. चित्रांचें पुस्तक पाहतां पाहतां तिनें विचारिलें होतें, यांतलीं मुलें नेहमीं गोरींच कां असतात? आम्हीं सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला, आणि आमचें मत असें झालें आहे कीं, पाठ्यपुस्तकाची खरी परीक्षा पहिल्या रांगेंतल्या मुलाच्या उत्तरावरून होत नाहीं; मागच्या कोपऱ्यांतलें मूल त्यांत आपल्याला शोधूं लागतें तेव्हां होते.

ज्या लेखिकेनें ही उणीव सर्वांत समर्थपणें भरून काढिली तिचें नांव मिल्ड्रेड टेलर. मिसिसिपी राज्यांतील जॅक्सन येथें १९४३ सालीं तिचा जन्म झाला. वाढली मात्र उत्तरेकडे, ओहायोंत. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला आपल्या लोकांविषयीं जें वाचावयास मिळे, त्याचा आणि वडील घरीं सांगत त्या गोष्टींचा मेळ बसेना. त्या गोष्टींतून १९७६ सालीं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी निर्माण झाली आणि पुढल्या वर्षीं तिला न्यूबेरी पदक मिळालें. कथा १९३३ सालची आहे. म्हणजे लढ्याच्या वीस वर्षें आधींची. परंतु लढा कां झाला हें ज्याला समजून घ्यावयाचें आहे त्यानें आरंभ येथूनच करावा.

तींतील एक प्रसंग आम्ही कांहींसा विस्तारानें सांगणार आहों. मास्तराची खोड आहे, वाचकांनीं चालवून घ्यावी. काळ्या मुलांच्या शाळेंत वर्षारंभीं बाई मोठ्या उत्साहानें सांगतात कीं, यंदा प्रत्येकाला वाचनाचें पुस्तक मिळणार. नायिका कॅसी नऊ वर्षांची आहे. तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा, अतिशय टापटिपीचा, कपड्याला डाग लागलेला खपत नाहीं असा. त्याच्या हातीं पुस्तक येतें तें मळकें आणि फाटकें. तो दुसरें मागतो, मिळत नाहीं. मग आंतील पान उघडून पाहतो तों तेथें तक्ता छापलेला. पुस्तक कोणत्या सालीं कोणत्या वंशाच्या मुलाला दिलें आणि त्या वेळीं त्याची स्थिति कशी होती, याची ती नोंद. अकरा वेळां तें गोऱ्या मुलांना दिलेलें आहे. प्रत्येक खेपेस स्थिति खालावत गेली आहे. आणि बाराव्या खेपेस, स्थिति 'अत्यंत वाईट' झाल्यावर, तें काळ्या मुलाच्या वांट्याला आलें आहे. त्याच्या वंशाच्या रकान्यांत हेटाळणीचा शब्द आहे. तें वाचून तो मुलगा पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्यावर नाचतो. बाई छडी उगारतात. बाईही काळ्याच आहेत, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. मिळालें तें मुकाट्यानें घ्यावें हें त्या शिकल्या आहेत आणि तेंच शिकवीत आहेत. कॅसीची आई त्याच शाळेंत शिक्षिका. ती काय करते? मुलाला उपदेश करीत नाहीं, बाईंशीं भांडत नाहीं. कागद कापते, खळ घेते, आणि आपल्या वर्गांतील एकेका पुस्तकांतील तो तक्ता झांकून टाकते. पुढें या शिक्षिकेची नोकरी जाते, पण ती निराळी कथा.

पुस्तक जमिनीवर टाकलें तर आपण मुलाला तें उचलून कपाळाला लावावयास सांगतों. आम्हींही हजारों मुलांना सांगितलें असेल. या मुलानें पुस्तकावर पाय दिला आणि तरीही वाचकाचें सारें मन त्याच्या बाजूनें जातें. सरस्वतीचा अपमान कोणी केला, हा प्रश्न मुलाच्या मनांत आपोआप उभा राहतो. लेखिकेनें तो विचारलेला नाहीं. ज्यानें हजेरीपटाइतक्या निर्विकारपणें तो तक्ता भरला, त्याचें नांवही कथेंत कोठें येत नाहीं.

टेलरबाईंनीं या लोगन कुटुंबाची कथा पुढें अनेक पुस्तकांतून चालविली, आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शेवटल्या कादंबरींत मोठी झालेली कॅसी नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत येऊन पोहोंचते. एका कुटुंबाला इतकी वर्षें चिकटून राहिलेली बाललेखिका विरळा.

आतां वॉटसन कुटुंबाकडे वळूं. याचे लेखक कर्टिस यांनीं मिशिगनमधील फ्लिंट गांवीं मोटारींच्या कारखान्यांत तेरा वर्षें काम केलें. मोटारींना दरवाजे बसविण्याचें त्यांचें काम. प्रथम त्यांच्या मनांत केवळ एका कुटुंबाच्या मोटारप्रवासाची विनोदी गोष्ट लिहावयाची होती, आणि प्रवास होता फ्लॉरिडाचा. तेथें पोहोंचल्यावर पुढें काय हें सुचेना. मग त्यांच्या मुलानें डडली रँडल या कवीची बर्मिंगहॅमच्या स्फोटावरील कविता घरीं आणिली आणि कथेला दिशा मिळाली. १९९५ सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे पुस्तकाची घडण नीट समजते. पहिला बराच भाग हंसण्यांत जातो. थोरला भाऊ बायरन कडाक्याच्या थंडींत मोटारीच्या आरशांतील स्वतःच्या प्रतिबिंबाचें चुंबन घेण्यास जातो आणि त्याचे ओठ बर्फाळ आरशाला चिकटून बसतात! असा हा उनाड मुलगा सुधारावा म्हणून आईबाप त्याला अलाबामा राज्यांतील आजीकडे ठेवावयास निघतात. आई वहींत मुक्कामांचा बारीक बेत लिहिते. वडील बेत मोडून रात्रंदिवस मोटार हांकीत राहतात.

या प्रवासाच्या अनुषंगानें एक गोष्ट सांगतों. त्या काळीं काळ्या प्रवाशाला वाटेंत खोली कोठें मिळेल, जेवण कोठें मिळेल, याची खात्री नसे. न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नांवाच्या टपालवाल्यानें अशा निर्धोक जागांची यादी असलेली पुस्तिका १९३६ पासून काढिली, आणि ती १९६६ पर्यंत निघत होती. 'रूथ अँड दि ग्रीन बुक' या २०१० सालच्या चित्रमय पुस्तकांत एका लहान मुलीच्या नजरेनें ती हकीगत आली आहे. शिदोरी बांधून निघणें आपल्याला नवीन नाहीं. पण वाटेंत कोणी पाणी देणार नाहीं म्हणून शिदोरी बांधावी लागणें कसें असेल, हें ज्यांना भोगावें लागलें तेच जाणोत.

बर्मिंगहॅमला पोहोंचल्यावर कथेचा सूर बदलतो. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्यें स्फोट झाला आणि ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन व डेनिस मॅकनेअर या चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकरा वर्षांची. हा इतिहास. कादंबरींतील दहा वर्षांचा केनी आपल्या धाकट्या बहिणीला शोधीत त्या धुरांत शिरतो. ती वांचलेली असते. उकाड्यामुळें ती आधींच बाहेर आली होती. म्हणजे लेखकानें आपल्या बालवाचकाला एवढी सवलत दिली आहे. पण घरीं परतल्यावर केनी कोचाच्या मागें दडून बसतो. घरांतील आजारी मांजरें-कुत्रीं तेथें जाऊन बरीं होत, अशी त्या मुलांची समजूत. केनी तेथें दिवसचे दिवस बसतो, कोणाशीं बोलत नाहीं. त्याला तेथून बाहेर काढतो कोण? तोच उनाड बायरन. तो भावाला खोटा धीर देत नाहीं. जगांत असें घडतें, तें न्याय्य नाहीं, आणि तरी चालत राहावें लागतें, इतकेंच तो त्याच्या भाषेंत सांगतो. बालवाङ्मयांत दुःखावरील उपचार इतक्या खरेपणानें सांगितलेला आम्ही तरी फारसा वाचला नाहीं. खऱ्या गुन्हेगारांचें सांगावयाचें तर एकाला १९७७ सालीं शिक्षा झाली. दुसऱ्याला २००१ सालीं आणि तिसऱ्याला २००२ सालीं. त्या मुली जगत्या तर तोंवर पन्नाशीच्या झाल्या असत्या.

रिटा विल्यम्स-गार्सिया यांची 'वन क्रेझी समर' (२०१०) ही कादंबरी निराळ्या चवीची आहे. १९६८ च्या उन्हाळ्यांत तीन बहिणी, थोरली अकरा वर्षांची, ब्रुकलिनहून विमानानें ओकलंडला आईकडे जातात. ही आई त्यांना कधींच सोडून गेलेली. कविता करते, स्वयंपाकघरांत छापखाना थाटून बसते, आणि मुलींना ब्लॅक पँथर पक्षाच्या केंद्रावर न्याहारीला पाठविते. काटेकोर वाचक म्हणेल कीं, पँथरांचा मुलांना मोफत न्याहारी देण्याचा कार्यक्रम १९६९ च्या जानेवारींत सुरू झाला, मग या मुली १९६८ सालीं तेथें कशा जेवल्या? आक्षेप बरोबर आहे, पण कथेचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें धाकटीच्या बाहुलीनें. ती बाहुली गोरी आहे. काळ्या मुलीनें गोरी बाहुली कां घ्यावी म्हणून एक पँथर तिची टवाळी करतो, आणि मधली बहीण त्या बाहुलीला शाई फांसते. क्लार्क दांपत्यानें १९४० च्या सुमारास बाहुल्यांचे जे प्रयोग केले त्यांत कितीतरी काळ्या मुलांनीं गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली होती, आणि १९५४ च्या निकालांत त्या संशोधनाचा निर्देश आला. ती विद्वत्ता एका बाजूला. येथें एका लहान मुलीची लाडकी बाहुली तत्त्वासाठीं विद्रूप केली जाते आणि ती रडते, हेंही लेखिका लपवीत नाहीं. चळवळीच्या बाजूनें लिहितांना चळवळींतील टवाळखोर दाखविण्यास धैर्य लागतें.

सर्वच पुस्तकें या योग्यतेचीं नाहींत. पुष्कळशा चित्रमय पुस्तकांत रोझा पार्क्स म्हणजे एक दमलेली शिवणकाम करणारी बाई, पाय दुखत होते म्हणून बसमध्यें उठली नाहीं, अशी भाबडी मूर्ति उभी केलेली असते. वास्तविक १ डिसेंबर १९५५ रोजीं ती बेचाळीस वर्षांची होती आणि कित्येक वर्षें हक्कांच्या संघटनेची चिटणीस होती. तिच्या नऊ महिने आधीं क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीनें त्याच मंटगमरी शहरांत जागा सोडण्याचें नाकारलें होतें. ज्या खटल्यानें तेथील बसमधली फाटाफूट संपली त्यांतील एक वादीही ती होती. शाळकरी मुलीला वगळून मुलांची पुस्तकें लिहावीं, हा विनोदच म्हटला पाहिजे. फिलिप हूस यांनीं २००९ सालीं तिचें चरित्र लिहून ही उणीव भरून काढिली. दुसरा दोष असा कीं, कांहीं कथांत एखादा सहृदय गोरा येतो आणि सर्व संकटें दूर करतो. क्रिस्टिन लेव्हीन यांची 'दि लायन्स ऑफ लिटल रॉक' (२०१२) ही गोऱ्या मुलीच्या तोंडून सांगितलेली कथा असूनही या दोषांतून सुटली आहे. १९५८ सालीं काळीं मुलें घ्यावीं लागूं नयेत म्हणून तेथील वरिष्ठ शाळा वर्षभर बंद ठेविल्या. त्या वर्षाची ही कथा. यांतील अबोल मार्लीला गणित आवडतें, आणि मैत्रिणीसाठीं बोलावयास शिकण्यापलीकडे ती कांहीं पराक्रम करीत नाहीं.

आतां तो दुसरा प्रश्न. इतकें क्रौर्य मुलांना सांगावें काय? ही शंका अमेरिकेंतही निघाली आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं न्यू ऑर्लिन्समध्यें रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी रक्षकांच्या पहाऱ्यांत गोऱ्यांच्या शाळेंत गेली. गोऱ्या पालकांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं. बार्बरा हेन्री या एकट्या बाई वर्षभर तिला एकटीला शिकवीत राहिल्या. रूबीच्या वडिलांची नोकरी गेली. तिच्या मिसिसिपींतील आजी-आजोबांना कसावयाची जमीन सोडावी लागली. रूबीनें हें सारें पुढें मुलांसाठीं लिहिलें, तर २०२१ सालीं टेनेसी राज्यांतील एका पालकसंघटनेनें तिच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार केली. सहा वर्षांच्या मुलीनें जें सोसलें तें सात वर्षांच्या मुलांना वाचवणार नाहीं, असा त्यांचा एकूण आशय!

आपण मुलांना काय सांगतों तें पाहावें. ध्रुव पांच वर्षांचा. त्याला बापाच्या मांडीवरून उठविलें जातें, कारण तो आवडतीच्या पोटीं जन्मला नाहीं. एकलव्याचा अंगठा, अभिमन्यूचा वध. यांतील एकही गोष्ट आपण गाळीत नाहीं. तेव्हां क्रौर्याची आपल्याला भीति नाहीं. भीति आहे ती मुलाच्या पुढच्या प्रश्नाची. ध्रुवाची कथा ऐकून मूल म्हणतें, मग देव भेटला का? वॉटसनांची कथा वाचून मूल म्हणणार, आजी, आपल्याकडे असें होतें का?

होतें. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेंतील ज्या लोकांनीं गुलामांची मुक्तता केली त्यांना अर्पण करून. हें साम्य त्यांना तेव्हांच दिसलें होतें. १९२७ सालीं महाडच्या तळ्याचें पाणी माणसांनीं ओंजळींत घेतलें म्हणून त्यांना मार खावा लागला. १९५९ सालीं मार्टिन ल्यूथर किंग हिंदुस्थानांत आले असतां केरळांतील एका शाळेंत मुख्याध्यापकांनीं त्यांची ओळख अमेरिकेंतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांना क्षणभर धक्का बसला, मग त्यांना तें पटलें. १९६५ सालच्या एका प्रवचनांत त्यांनींच ही आठवण सांगितली आहे. आणि १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथर निघाली तिनें नांव घेतलें तें ओकलंडच्याच पँथरांवरून. तुमच्या आमच्या आज्या सोंवळ्यांत कोणाची सांवली टाळीत होत्या, माजघरांतून पाणी वरून कोणाच्या ओंजळींत ओतीत होत्या, हें नातवाला सांगतांना जीभ जड होईल. तें आजीनें सांगावें कीं त्यानें एखाद्या दिवशीं परक्याकडून ऐकावें, हें प्रत्येक घरानें ठरवावें. आमचें मत आजीच्या बाजूचें आहे.

आणखी एक गोष्ट नातवाला ठाऊक असावी. १९४६ च्या कायद्यान्वयें अमेरिकेंत वर्षाकांठीं केवळ शंभर हिंदी माणसांना कायमच्या वास्तव्यासाठीं प्रवेश होता. ती वंशावर आधारलेली पद्धति ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्यानें मोडली, आणि तो कायदा याच लढ्याच्या भरांत झाला. आपल्या घरोघरचे अभियंते व डॉक्टर त्यापुढें गेले.

वाचनाचा क्रम विचाराल तर सहासात वर्षांच्या मुलासाठीं पॅट्रिशिया मॅकिसॅक यांचें 'गोइन् समप्लेस स्पेशल' (२००१) घ्यावें. नॅशव्हिलमधील एक मुलगी प्रथमच एकटी बसनें निघते. बागेंतील बांकावर बसतां येत नाहीं, हॉटेलांत शिरतां येत नाहीं, आणि शेवटीं ती पोहोंचते सर्वांना मोकळ्या असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत. जेरी पिंक्नी यांचीं चित्रें फार सुंदर आहेत. नवव्या-दहाव्या वर्षीं वॉटसन. टेलरबाईंची कादंबरी अकराव्या वर्षाच्या आधीं नको, कारण तींत रात्रीं घोड्यांऐवजीं मोटारींतून येणारीं माणसें आहेत. वॉटसन वाचतांना पहिलीं प्रकरणें मुलाला एकट्याला खुशाल वाचूं द्यावीं, तें हंसेल. शेवटचीं दोन मात्र बरोबर बसून वाचावीं, रात्रीं निजतांना नव्हे, सकाळीं उजेडांत, आणि त्या दिवशीं घरांत दुसरें कांहीं काम काढूं नये.